सेसिल टेलरचा 'सायलेंट टंग्ज' पहिल्यांदा ऐकणार असाल तर

फ्री जॅझ, म्हणजे ठरलेली चाल आणि ठेका सोडून वाजवलेलं जॅझ, काय असतं बघू तरी, म्हणून बरेच जण कुठल्यातरी यादीतलं वरचं नाव उचलतात, ते नाव बहुतेक वेळा सेसिल टेलर या अमेरिकन पियानिस्टचं असतं, मग पाच-सात मिनिटं कसंबसं ऐकतात, बंद करतात आणि परत त्या वाटेला जात नाहीत. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण कुठून आत शिरायचं हे कुणी सांगितलं असतं तर त्यातले निम्मे तरी टिकले असते. म्हणून इथे मी एकच अल्बम घेतलाय, एकट्या पियानोचा, आणि तो कशावर, कुठल्या क्रमाने आणि काय शोधत ऐकायचा ते पायरी पायरीने लिहिलंय. जॅझची आधीची माहिती लागत नाही, पियानो वाजवता यायला पाहिजे असंही नाही. थोडा निवांत वेळ मात्र लागतो.

आधी अल्बमबद्दल, थोडक्यात

सेसिल टेलर न्यूयॉर्कचा, जन्म १९२९चा, २०१८मध्ये गेला. लहानपणापासून पियानो, मग बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत रीतसर शिक्षण, त्यामुळे बार्टोक आणि स्ट्राव्हिन्स्की हे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतकार एका बाजूला आणि ड्यूक एलिंग्टन, थेलोनियस मंक हे जॅझ पियानिस्ट दुसऱ्या बाजूला, हे दोन्ही त्याच्या हातात मुरलेलं. पहिला अल्बम 'जॅझ अ‍ॅडव्हान्स', १९५६चा. म्हणजे सॅक्सोफोन वाजवणाऱ्या ऑर्नेट कोलमनच्या ज्या रेकॉर्डमुळे 'फ्री जॅझ' हे नाव रुळलं ती १९६०ची, आणि हा माणूस त्याच्याही आधीपासून या दिशेने निघालेला होता. कामं मात्र मिळायची नाहीत, त्या काळात भांडी घासायची नोकरीसुद्धा केलीये त्याने. घरी तो अशा शिस्तीने वाजवायचा की जणू समोर श्रोते बसलेत. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे ऐकाल ते मनात येईल तसं हात आपटणं वाटू शकतं, आणि ते तसं अजिबात नाहीये.

'सायलेंट टंग्ज' रेकॉर्ड झाला २ जुलै १९७४ला, स्वित्झर्लंडच्या माँत्रो जॅझ फेस्टिव्हलमध्ये, लोकांसमोर. तेव्हा तो ४५ वर्षांचा होता आणि आधीची काही वर्षं अमेरिकेतल्या कॉलेजांत शिकवत होता. अल्बम बाहेर आला १९७५मध्ये. पाच भागांची एक सलग रचना आहे: 'अ‍ॅबिस', 'पेटल्स अँड फिलामेंट्स', 'जिटनी', 'क्रॉसिंग' आणि 'आफ्टर ऑल'. त्यानंतर लोकांनी वन्स मोअर दिल्यावर वाजवलेले दोन छोटे तुकडे आहेत, 'जिटनी नंबर २' आणि 'आफ्टर ऑल नंबर २'. हे दोन छोटे तुकडे लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

हाच अल्बम का, तर एक म्हणजे यात दुसरं वाद्य नाही. टेलरचे बँडवाले अल्बम जबरदस्त आहेत पण तिथे ड्रम, दोन-दोन बास, सॅक्सोफोन हे सगळं एकदम अंगावर येतं आणि नवीन माणसाला कोण काय करतंय हेच कळत नाही. इथे दोन हात आणि एक पियानो, बस्स. आणि दुसरं म्हणजे ते वन्स मोअरवाले तुकडे, त्यांच्यामुळे तुम्हाला तुमचं ऐकणं स्वतःच तपासून बघता येतं.

काय काय लागेल

- कान झाकणारे चांगले हेडफोन, किंवा खर्ज नीट वाजवणारे स्पीकर. मोबाईलच्या स्वतःच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका, अगदी नमुना म्हणूनही नको. पियानोची सगळ्यात खालची पट्टी २७.५ हर्ट्झची असते आणि टेलरचा डावा हात बराच वेळ खाली काम करत असतो, मोबाईलवर ते खालचं जवळजवळ सगळं गायब होतं आणि उरतो फक्त वरचा खणखणाट.
- पूर्ण अल्बम, ट्रॅकच्या मूळ क्रमासकट. स्ट्रीमिंग, सीडी, एलपी, काहीही चालेल.
- कागद-पेन. नोट्स काढायला नाही, वेळ टिपायला, ते पुढे येईलच.
- पहिल्या दिवशी अर्धा तास, आणि नंतर कधीतरी एक सलग तास ज्यात कुणी हाक मारणार नाही.

घरात दुसरं कुणी असेल तर स्पीकरपेक्षा हेडफोनच बरे. त्यांनी हे मागितलेलं नाही, आणि बाजूच्या खोलीतून "हे काय लावलंस" असं आलं की तुमचं लक्ष संगीतावर राहत नाही, सगळा जीव आवाज कमी करण्यात जातो.

१. बरोबर रेकॉर्डिंग शोधा आणि अ‍ॅपच्या सेटिंग बदला

नुसतं 'टेलर जॅझ पियानो' असं शोधलंत तर बिली टेलर येईल, तोही मोठा पियानिस्ट पण एकदम वेगळ्या घराण्याचा, गोड आणि नेटका वाजवणारा. 'सेसिल' शोधलंत तर सेसिल मॅकबी आणि सेसिल पेन येतील, पहिला बास वाजवणारा आणि दुसरा बॅरिटोन सॅक्सोफोन. म्हणून कलाकाराचं पूर्ण नाव आणि अल्बमचं नाव दोन्ही टाका. हा अल्बम मूळ फ्रीडम लेबलचा, अमेरिकेत अरिस्टा कंपनीतर्फे निघाला, नंतर पुन्हा पुन्हा छापला गेलाय, त्यामुळे कव्हर वेगळं दिसलं तरी घाबरू नका, ट्रॅकची नावं जुळवा.

आता सेटिंग. शफल बंद. क्रॉसफेड (एक ट्रॅक संपता संपता पुढचा त्यात मिसळणं) बंद, नाहीतर दोन भागांमधली शांतता खाल्ली जाते. अल्बम संपल्यावर आपोआप दुसरं काहीतरी सुरू होतं तेही बंद, कारण शेवटची टाळी विरली की काही क्षण काहीच नको असतं आणि नेमकं तेव्हाच अ‍ॅप एखादं रेस्टॉरंटमध्ये वाजणारं जॅझ लावतं.

आवाज किती ठेवायचा हा साधा वाटणारा पण महत्त्वाचा मुद्दा आहे. यात हळू आणि जोरात यातला फरक प्रचंड आहे, हळू जागा ऐकू येईना म्हणून आवाज वाढवलात की दोन मिनिटांनी पुढचा आघात कानात घुसतो आणि मग लोक म्हणतात की फार कर्कश आहे. उलटं करा. 'जिटनी नंबर २' लावून सगळ्यात जोराची जागा आली की आवाज कानाला सुखाचा होईल इतका ठेवा आणि मग अल्बमभर हात लावू नका. हळू जागा हळूच ऐकायच्या असतात.

२. शेवटून सुरुवात करा

पहिला ट्रॅक लावू नका! तो साधारण अठरा मिनिटांचा आहे आणि त्यात पहिले तिन्ही भाग एकत्र आहेत. बहुतेक लोक इथेच गळतात.

थेट 'जिटनी नंबर २' वर जा. चारेक मिनिटांचा आहे. एकदा ऐका, काही शोधू नका, काही समजून घेऊ नका, फक्त शेवटपर्यंत जा. लगेच परत लावा. दुसऱ्या वेळी एवढंच बघा की एखादी गोष्ट परत आल्यासारखी वाटते का. वाटली तर कागदावर मिनिट-सेकंद लिहा. चूक-बरोबर काही नाही, वाटलं की लिहायचं. तिसऱ्या वेळी त्या लिहिलेल्या जागा येतात तेव्हा कान टवकारा.

चार मिनिटांचा तुकडा परत परत ऐकणं सोपं आहे, अठरा मिनिटांचा नाही. आणि हे संगीत पहिल्या ऐकण्यात हाती लागत नाही हे आधीच मान्य केलेलं बरं, त्यात तुमच्या कानाचा काही दोष नाही.

३. चाल शोधू नका, तुकडा धरा

आता सगळ्यात महत्त्वाचं. नेहमीच्या जॅझमध्ये एक गाणं असतं, बऱ्याचदा ३२ बारचा (बार म्हणजे मात्रांचा एक गट) साचा, त्याचे कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे संच) ठरलेले, आधी चाल वाजते मग त्याच कॉर्डवर एकेक जण आपलं सोलो वाजवतो आणि शेवटी चाल परत येते. ऐकणाऱ्याला धरायला दोन गोष्टी मिळतात, चाल आणि ठेका. टेलर या दोन्ही काढून घेतो. पाय हलवायला ठेका नाही, गुणगुणायला चाल नाही. मग धरायचं काय?

तुकडा. तीन, चार, पाच सुरांचा छोटा तुकडा. टेलर असा तुकडा टाकतो आणि मग त्याच्यावर काम करतो. वर नेतो, खाली नेतो, त्याचं शेपूट कापतो, त्यात दोन सूर घुसवतो, उलटा फिरवतो, तोच आकार पियानोच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वाजवतो, आणि कधी कधी त्याच आकाराचे वेगळे वेगळे सूर एकत्र दाबून एक गठ्ठा करून टाकतो. ज्यांनी तबल्याचे सोलो ऐकलेत त्यांना मी नेहमी सांगतो की कायदा आठवा. कायद्यात एक बोलसमूह मांडतात आणि मग त्यातल्याच बोलांचे पलटे करत जातात, बाहेरचं फारसं काही येत नाही, आणि ऐकणाऱ्याची गंमतच ही की मूळ बोल डोक्यात धरून ठेवायचे आणि त्यांचं काय काय होतंय ते बघायचं. सवाई गंधर्वमध्ये बसून तबल्याचा सोलो मन लावून ऐकणाऱ्या माणसाकडे टेलर ऐकायला लागणारा अर्धा कान आधीच असतो, त्याला ते माहीत नसतं एवढंच.

पण ही तुलना एका जागी थांबते आणि ती जागा माहीत असलेली बरी. इथे लेहरा (तबल्यामागे परत परत वाजणारी धून) नाही, ताल नाही, सम नाही. तुम्ही नकळत समेची वाट बघत राहिलात तर कायम अधांतरी वाटत राहील आणि चिडचिड होईल. त्याऐवजी दम बघा. टेलरचे तुकडे एका दमात येतात, साठत जातात, दाट होत जातात आणि मग एकदम तुटतात, आणि मध्ये छोटी शांतता असते. त्या शांततेला खूण माना. शांततेपासून शांततेपर्यंत एक वाक्य. असं वाक्य-वाक्य ऐकायला लागलात की 'सगळा गोंधळ आहे' ही भावना बऱ्यापैकी जाते.

टेलर स्वतः नर्तकांबद्दल फार बोलायचा, नर्तक जशी हवेत झेप घेतो तशा झेपा पियानोवर घ्यायच्या असं त्याचं म्हणणं होतं. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हात उडी मारतो तेव्हा हे आठवून बघा, मला तरी त्याने फार मदत झाली.

४. दोन हात वेगळे ऐका

'जिटनी नंबर २' अजून सोडू नका. आता फक्त खालचे सूर ऐका. उजवा हात कितीही पळू दे, तिकडे दुर्लक्ष करा. खर्जात एखादा जड सूर किंवा दोन-तीन सूर ठोसून येतात आणि लगेच वरून भराभर उत्तर येतं. परत खाली, परत वर. सवाल-जवाब चाललाय. हे एकदा कानाला दिसलं की मग ते जवळजवळ सगळीकडे दिसायला लागतं, अख्खा अल्बम या खाली-वरच्या बोलण्यावर चालतो, फक्त कधी सवाल लांब असतो कधी जवाब, आणि कधी दोघं एकमेकांचं ऐकून न घेता एकदमच बोलतात.

मग फक्त वरचे सूर ऐका. इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे, इतक्या वेगातसुद्धा सूर सुटे सुटे ऐकू येतात, त्यांचा चिखल होत नाही. एकेका बोटाचा आघात वेगळा कळतो. मनात येईल तसं पट्ट्यांवर हात फिरवून हे होत नाही, तुमच्या घरी साधा की-बोर्ड असेल तर करून बघा, लगेच कळेल.

आणि मग ते गठ्ठे. शेजारशेजारच्या बऱ्याच पट्ट्या एकदम, तळहाताने, कधी मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताने. याला क्लस्टर म्हणतात. पहिल्यांदा ऐकताना हीच जागा लोकांना खटकते. पण नीट ऐका, प्रत्येक गठ्ठा वेगळा आहे, कुठला वरचा, कुठला खालचा, कुठला आखूड, कुठला घुमत ठेवलेला. बहुतेक वेळा गठ्ठा वाक्याच्या टोकाला येतो, म्हणजे बोलणं इतकं दाटलं की आता सूर एकामागे एक मांडायला वेळच नाही, सगळे एकदमच. तसं ऐकलं की तो आघात कारणासकट येतो.

५. आता पहिला ट्रॅक, पण डोळा 'जिटनी'वर

इथवर यायला दोन-तीन दिवस लागले तरी काही बिघडत नाही. आता अठरा मिनिटांचा पहिला ट्रॅक लावा. 'अ‍ॅबिस', 'पेटल्स अँड फिलामेंट्स' आणि 'जिटनी' एकाला एक जोडून येतात, मध्ये पाटी लावलेली नाही, त्यामुळे एक भाग कुठे संपला हे पहिल्यांदा कळणार नाही आणि कळायची गरजही नाही. तुमचं काम एकच, शेवटच्या भागात 'जिटनी' येतो तेव्हा ओळखीचं काहीतरी आलंय का ते बघणं.

ज्याने 'जिटनी नंबर २' आधी चार-सहा वेळा ऐकलाय त्याला इथे कुठेतरी नक्की वाटतं की अरे, हे मला माहितीये! तीच चाल, तेच सूर असं नाही, पण तीच चण, तोच वेग, तेच खाली-वर. आणि या एका क्षणासाठी मी तुम्हाला उलट्या क्रमाने आणलं. कारण 'हे काय, कुणीही वाजवेल, नुसती आपटाआपटी आहे' या बोलण्याला याच्यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. नुसतं आपटणाऱ्या माणसाला अर्ध्या-पाऊण तासाने त्याच जागी परत येता येत नाही. टेलरकडे साहित्य ठरलेलं होतं, ते कसं उलगडायचं हे मात्र त्या संध्याकाळी ठरत होतं. बँडबरोबर काम करतानाही तो असंच करायचा, नेहमीचं नोटेशन बाजूला ठेवून सुरांची नावं अक्षरांनी लिहिलेले कागद असायचे, आणि बरंचसं तर पियानोवर वाजवून दाखवून, कानाने बसवून घ्यायचा.

कुणी वाद घालायला आलं तर वाद घालू नका, हे दोन ट्रॅक एकामागे एक लावून द्या.

६. 'क्रॉसिंग', इथे घाई नको

'क्रॉसिंग' दोन तुकड्यांत आहे, पार्ट वन आणि पार्ट टू. एलपीच्या दोन बाजूंवर तो विभागला गेलाय, म्हणून असे दोन भाग. स्ट्रीमिंगवर ऐकताना दोन्ही सलग लावा, मध्ये चहा करायला उठू नका.

हा अल्बममधला सगळ्यात खडतर पट्टा आहे असं माझं मत आहे, आणि सगळ्यात थोरही. इथे तुकडे धरत बसलात तर थकाल. या भागासाठी वेगळं करा: फक्त दाटी किती आहे ते ऐका. आत्ता विरळ आहे का दाट? वाढतंय का उतरतंय? पहिल्यांदा एवढंच. कागदावर एक रेघ ओढत गेलात वर-खाली, तरी चालेल, मी काही मित्रांना असं करायला लावलं आणि त्यांच्या रेघा एकमेकांशी बऱ्यापैकी जुळल्या, म्हणजे आकार तिथे आहे, आपल्या मनाचे खेळ नाहीत.

कंटाळा आला तर थांबवा आणि दुसऱ्या दिवशी पार्ट वनपासून परत. लक्ष उडालेलं असताना पुढे रेटत राहिलात तर कान हे सगळं 'आवाज' म्हणून खाली टाकून देतो आणि मग पुढच्या वेळी जास्त जड जातं.

७. 'आफ्टर ऑल', म्हणजे टेलरची हळुवार बाजू

टेलर म्हणजे फक्त जोर, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा भाग ऐकावा. दहाएक मिनिटांचा. इथे कॉर्ड आहेत, रुंद, गडद, आणि त्यांना घुमायला वेळ दिलाय. एलिंग्टनच्या पियानोतला तो जडशीळ डामडौल माहीत असेल तर इथे तो दिसेल, माहीत नसेल तरी काही अडत नाही. इथे पहिल्यांदाच एका सुराचं विरणं पूर्ण ऐकायला मिळतं, आणि माणूस पट्टी कशी सोडतो यावर त्याचं किती लक्ष आहे ते कळतं.

'आफ्टर ऑल' आणि मग 'आफ्टर ऑल नंबर २' लागोपाठ ऐका. दुसरा अगदीच छोटा आहे, तीन मिनिटांच्या आतला. दहा मिनिटांचं म्हणणं इतक्या थोडक्यात सांगताना त्याने काय ठेवलं आणि काय सोडलं हे बघा. माझ्यासाठी पूर्ण अल्बममधली ही सगळ्यात आवडती जोडी आहे, एखाद्या संध्याकाळी मी फक्त एवढंच लावतो.

८. एकदा त्याचे हात बघा

टेलर वाजवताना बघितल्याशिवाय काही गोष्टी पटत नाहीत. रॉन मान यांची 'इमॅजिन द साऊंड' नावाची १९८१ची डॉक्युमेंटरी आहे, त्यात टेलर आहे, शिवाय बिल डिक्सन, आर्ची शेप आणि पॉल ब्ले हे आणखी तीन फ्री जॅझ वादक. मिळाली तर नक्की बघा. हात किती नेमके उतरतात, वरून आलेला हात बरोबर त्याच पट्ट्यांवर कसा पडतो, ते डोळ्यांनी बघितलं की परत अल्बम ऐकताना कानाला आधार मिळतो. त्याच्या कार्यक्रमात कविता आणि नाचही असायचा, तोही पियानोच्या बाजूने चालत, शब्द उच्चारत. आधी तो भाग विचित्र वाटेल, वाटू दे.

फक्त हे पहिल्याच दिवशी करू नका. आधी बघितलंत तर लक्ष हातांच्या वेगावर जातं आणि ऐकणं राहून जातं.

९. आता सलग, सुरुवातीपासून

अल्बम पन्नास मिनिटांच्या वर आहे. फोन दूर, दिवा मंद चालेल पण आडवे होऊ नका, झोप लागते. कागद-पेन आता नको. शोधायचं काही नाही. तुम्हाला तुकडे माहितीयेत, खाली-वर माहितीये, शेवटी काय येणार तेही माहितीये. टाळ्या येतात तेव्हा त्याही ऐका, त्या संध्याकाळी हॉलमध्ये बसलेल्या लोकांना यातलं काहीच आधी माहीत नव्हतं आणि तरी त्यांनी दोनदा परत बोलावलं.

काही सापळे इथेच सांगून टाकतो:

- पाठीमागे चालू ठेवून काम करू नका. काही संगीत तसं चालतं, हे नाही चालत. आणि गाडी चालवताना तर अजिबात नको.
- अल्बमवर लिहिलेले मोठमोठे लेख आधी वाचू नका. त्यातले शब्द कानात बसतात आणि मग स्वतःचं काही ऐकूच येत नाही. सगळं ऐकून झाल्यावर खुशाल वाचा.
- कीथ जॅरेटच्या 'कलोन कॉन्सर्ट'शी तुलना करू नका. तोही एकट्या पियानोचा, तोही लोकांसमोर उत्स्फूर्त वाजवलेला, आणि तो जानेवारी १९७५चा, म्हणजे काळही जवळपास तोच, त्यामुळे अ‍ॅप हे दोन्ही शेजारी ठेवतं. पण तिथे डावा हात एक ठेका धरून बसतो आणि वरती चाल फुलते, इथे मागायचं तेच नाही. दोन्ही ऐका, वेगवेगळ्या दिवशी.
- नाही आवडलं तर नाही. पण 'क्रॉसिंग'मुळे नाही आवडलं का आवाजाच्या पातळीमुळे, का मोबाईलवर ऐकल्यामुळे, हे आधी तपासा.

१०. पुढे कुठे जायचं

मागे जायचं असेल तर १९५६चा 'जॅझ अ‍ॅडव्हान्स'. त्यात टेलर मंकची 'बेम्शा स्विंग' वाजवतो, कोल पोर्टरचं गाणं वाजवतो, बास आणि ड्रम नेहमीसारखे चालू आहेत, आणि पियानो मात्र चौकटीच्या कडा ढकलत असतो. नंतरचा टेलर कुठून आला हे इथे फार स्वच्छ दिसतं, आणि जॅझची सवय असलेल्या माणसाला तर मी इथूनच सुरुवात कर म्हणेन.

बँडसोबत ऐकायचं असेल तर १९६६ साली ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेले दोन आहेत, 'युनिट स्ट्रक्चर्स' आणि 'कॉन्किस्टाडोर'. आधी 'कॉन्किस्टाडोर' घ्या, मूळ अल्बमवर दोनच लांब ट्रॅक आहेत, बिल डिक्सनच्या ट्रंपेटमुळे मोकळी जागा भरपूर आहे. 'युनिट स्ट्रक्चर्स'मध्ये सात माणसं आहेत, तो नंतर. दोन्हीकडे अल्टो सॅक्सोफोनवर जिमी लायन्स, त्याच्याकडे विशेष लक्ष द्या, टेलरबरोबर तो पंचवीसेक वर्षं राहिला आणि पियानोतले तुकडे तो उचलून कसे गातो ते ऐकलं की सोलो अल्बमसुद्धा जास्त कळायला लागतात.

एकट्या पियानोवरच राहायचं असेल तर 'एअर अबव्ह माउंटन्स', १९७६चा, ऑस्ट्रियातल्या एका किल्ल्यात रेकॉर्ड केलेला, जास्त लांब आणि जास्त सलग. त्यानंतर 'फॉर ओलिम', १९८६, बर्लिन. यात छोटे तुकडेही आहेत, त्यामुळे वेळ कमी असेल तेव्हा हा बरा पडतो.

आणि कोपनहेगनच्या कॅफे माँमार्त्रमधलं नोव्हेंबर १९६२चं रेकॉर्डिंग, टेलर, लायन्स आणि ड्रमवर सनी मरे, बास नाहीच. इथे ठेका सुटतो तो क्षण अक्षरशः ऐकू येतो. पण विकत घेताना सांभाळा, हेच रेकॉर्डिंग 'नेफर्टिटी, द ब्युटिफुल वन हॅज कम' या नावाने निघालंय, कॅफेच्या नावानेही निघालंय, आणखीही नावांनी निघालंय, आणि प्रत्येकात ट्रॅक कमी-जास्त आहेत. तारीख, जागा आणि ट्रॅकची यादी तिन्ही जुळवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.